रविवारी शेवटचं सत्र : रेव्हनलॉफ्ट किल्ला

मंडळी,
आपल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या खेळात दीड वर्षापूर्वी बॅरोव्हिया या शापित प्रदेशाच्या धुक्यात शिरलो होतो, आता तिथला व्हॅम्पायर सरदार स्ट्राड याच्या दाराशी पोचलोय. येत्या रविवारी सकाळी १० वाजता, नेहमीच्याच गच्चीवरच्या खोलीत जमायचं. रात्री ८ पर्यंतचा वेळ मोकळा ठेवा. लवकर निघावं लागणार असेल तर शुक्रवारपर्यंत कळवा, ऐनवेळी नको.

• सगळे नवव्या लेव्हलवर आहेत. कॅरेक्टर शीट घरूनच भरून आणा. प्रॉफिशियन्सी बोनस (ज्यात पात्र तरबेज आहे, तिथे फाशात मिळणारी भर) आता +४. क्लेरिक (पुजारी) आणि विझार्डला (जादूगार) पाचव्या लेव्हलचा एक स्लॉट, म्हणजे त्या ताकदीचा मंत्र टाकायची एक संधी, मिळतो. मंत्र आधीच निवडून ठेवा.
• सुरुवात लाँग रेस्टनंतर (पात्रांच्या रात्रभराच्या विश्रांतीनंतर). हिट पॉइंट पूर्ण, पण आपण २०१४ चे नियम पाळतो, त्यामुळे खर्चलेले हिट डाइस (छोट्या विश्रांतीत हिट पॉइंट भरून काढायचे फासे) जास्तीत जास्त एकूण संख्येच्या निम्मेच परत.
• भविष्य सांगणाऱ्या मॅडम इव्हाने पत्त्यांत काय सांगितलं, ते आपापल्या वहीत पुन्हा वाचा. ते पत्ते प्रत्येक गटाला वेगळे पडतात, म्हणून इंटरनेटवर उत्तर शोधू नका. ही कळकळीची विनंती आहे.

डबा प्रत्येकाने आणायचा, चहा माझ्याकडे.

वलाकी गावात आपल्यासाठी मागे थांबलेल्या पॅलाडिनची (धर्मयोद्ध्याची) मिनिएचर ज्याच्याकडे असेल, त्याने ती नक्की आणा. रविवारी ती टेबलावर हवीच.