यंत्र बंद ठेवूनही चाचणी घ्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दोन वर्षांपूर्वी माझ्या कमरेच्या गादीचं ऑपरेशन झालं. कंबर सुटली, पण उजव्या पायातली कळ काही गेली नाही. पोटरीपासून घोट्यापर्यंत तापलेली सळई फिरल्यासारखं होतं. साडीचा काठ लागला तरी सहन होत नाही. रामबागेत तीस वर्षं मी ब्लाउज शिवते. मशीनचं पायडल आता एकट्या डाव्या पायाने मारते.

यंदा पावसाळ्यात इथल्या एका रुग्णालयात मला मज्जारज्जू उत्तेजनाची चाचणी सुचवली. सुईने पाठीत दोन बारीक तारा घालून मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर ठेवतात आणि कमरेला बांधलेल्या यंत्रातून विजेची सूक्ष्म स्पंदनं सोडतात. आठवडाभरात दुखणं निम्म्याने उतरलं, तर यंत्र कायमचं कातडीखाली बसवायचं. खर्च लाखांत. मला दिलेली पद्धत मुंग्या न येणारी होती, म्हणजे यंत्र चालू आहे की बंद, हे अंगाला कळत नाही.

दहापैकी किती दुखलं ते रोज वहीत लिहायचं होतं. आधी आठ असायचे, तिसऱ्या दिवशी चार लिहिले. चौथ्या रात्री सलग पाच तास झोपले. कित्येक महिन्यांत अशी झोप नव्हती. उठल्या उठल्या वहीत तीन लिहिले, आठवड्यातला सगळ्यात कमी आकडा. तेवढ्यात भाचा यंत्राकडे बघून म्हणाला, "मावशी, हे तर बंद पडलंय." रात्रीच कधीतरी बॅटरी उतरली होती.

डॉक्टर म्हणाले, परिणाम थोडा वेळ रेंगाळतो. असेलही, एका रात्रीवरून काही सिद्ध होत नाही, हे मला कळतं. पण माझ्या कागदावर फक्त 'चाचणी यशस्वी' असा शेरा आला, बॅटरीची नोंदच नाही. मला राग आहे तो याचा.

नंतर भाच्याने शोधून वाचून दाखवलं. 2007 सालच्या एका अभ्यासात ऑपरेशननंतरही पाय दुखणारे 100 रुग्ण होते. सहा महिन्यांनी यंत्रवाल्यांपैकी 48 टक्के लोकांचं पायाचं दुखणं निम्म्याने तरी कमी झालं, नुसत्या औषधोपचारावरच्यांपैकी 9 टक्क्यांचं. पण आपल्याला यंत्र बसवलंय, हे त्यातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. 2022 मध्ये नॉर्वेच्या डॉक्टरांनी माझ्यासारख्याच 50 जणांवर वेगळी परीक्षा केली. सगळे सुरुवातीची चाचणी पास झालेले. वर्षभर तीन-तीन महिने आलटून पालटून यंत्र कधी चालू, कधी बंद. रुग्णांना पत्ता नाही. दोन्ही काळांत त्यांच्या रोजच्या हालचालींत म्हणण्यासारखा फरक दिसला नाही.

हे मला तारा घालण्याआधी कुणीतरी सांगायला हवं होतं, आणि सहीचा कागद मला वाचता येईल अशा भाषेत हवा होता. माझी इंदूरच्या डॉक्टरांना कळकळीची विनंती आहे: रुग्णाची आधी संमती घेऊन, मुंग्या न येणाऱ्या यंत्रांच्या चाचणीत काही दिवस यंत्र बंद ठेवा. कोणते ते रुग्णाला सांगू नका, त्याची वही तपासणाऱ्यालाही नको. परिणाम रेंगाळत असेल तर आठवड्याऐवजी दोन आठवडे घ्या. आशेनेही दुखणं उतरतं, आणि ते उतरणं खोटं नसतं. पण त्यासाठी कुणाची मुदत ठेव मोडायला लावू नका.

तारा मी काढून घेतल्या. अशी चाचणी कुणी घेणार असेल, तर पुन्हा पाठ द्यायला मी तयार आहे.

आपली,
एक वाचक, रामबाग, इंदूर