सूचना : प्रकाश-तलवार प्रथमच बनवणाऱ्या सभासदांसाठी

सर्व सभासदांस कळविण्यात येते की, ज्यांना प्रकाश-तलवारीची (‘स्टार वॉर्स’ चित्रपटांतील लाइटसेबरची) प्रतिकृती प्रथमच बनवायची आहे, त्यांनी सुटे भाग आणायला मुंबईतील लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जाण्यापूर्वी मुठीचा आतील व्यास मोजून कागदावर आराखडा काढावा. पात्यासाठी पॉलिकार्बोनेटची नळी घ्यावी, कारण अ‍ॅक्रिलिक स्वस्त असले तरी आघाताने त्याचे धारदार तुकडे उडतात. (लांब नळी गर्दीच्या वेळी लोकलमधून नेण्याचा मोह टाळावा.)

पाते उजळवणारा एलईडी सेलला थेट जोडू नये. पूर्ण चार्ज झालेला लिथियम-आयन सेल ४.२ व्होल्ट देतो. लाल एलईडीला २.२ व्होल्ट लागत असतील आणि १ अँपिअर प्रवाह द्यायचा असेल, तर २ ओहमचा रेझिस्टर (प्रवाह मर्यादित ठेवणारा भाग) लागतो, आणि त्यात २ वॅट उष्णता निर्माण होत असल्याने तो ५ वॅट क्षमतेचा घ्यावा. निळ्या व हिरव्या एलईडींना अधिक व्होल्टेज लागते, त्यामुळे त्यांचे गणित डेटाशीट (उत्पादकाचे माहितीपत्रक) पाहून वेगळे मांडावे. एलईडीमागे हीटसिंक (उष्णता शोषून बाहेर टाकणारा धातूचा भाग) हवाच.

सेल संरक्षक सर्किट असलेलाच घ्यावा आणि त्यावर सोल्डरिंग न करता होल्डर वापरावा. पहिल्याच तलवारीत साउंड बोर्ड (तलवारीचे आवाज काढणारे सर्किट) बसवू नये, असे आमचे मत आहे. तलवार वापरात नसताना, विशेषतः पावसाळ्यात, सेल काढून कोरड्या जागी ठेवावा.