जर्मनीला जाणाऱ्यांना तिथला रविवारही समजावून सांगा

महोदय,

जर्मनीतील विद्यापीठांत शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांमध्ये अलीकडच्या वर्षांत भारतीयांची संख्या सर्वाधिक झाली आहे. मीही तिथे पदव्युत्तर शिक्षण घेत आहे. निघण्यापूर्वी मिळणाऱ्या मार्गदर्शनात व्हिसा, वर्षभराच्या खर्चापोटी खात्यात दाखवावे लागणारे ११,९०४ युरो आणि प्रवेशाची कागदपत्रे यांची इत्थंभूत माहिती असते. मात्र ज्या गोष्टींमुळे पहिल्या सत्रात मुले खचतात, त्या रोजच्या वागण्याबोलण्याच्या रीतींविषयी कोणी अवाक्षरही काढत नाही.

रविवारचेच पाहा. रेल्वे स्थानकांतील दुकाने, काही तास उघडणाऱ्या बेकऱ्या आणि पेट्रोल पंप वगळता जवळपास सगळी बाजारपेठ त्या दिवशी बंद असते. हा निव्वळ व्यापाऱ्यांचा प्रघात नाही. रविवार हा विश्रांतीचा दिवस म्हणून जपला जावा, ही १९१९ च्या वायमार राज्यघटनेतील तरतूद १९४९ च्या घटनेतही कायम ठेवण्यात आली आहे. त्यामुळे त्या दिवशी भिंतीला ड्रिल लावणे किंवा काचेच्या बाटल्या रस्त्यावरच्या संकलनपेटीत टाकणे शेजाऱ्यांना खपत नाही, आणि रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेतही तीच शांतता अपेक्षित असते. ती मोडली की शेजारी दार वाजवून स्पष्ट शब्दांत सांगतो, नाहीतर जिन्यात चिठ्ठी लावतो. आपण परके आहोत म्हणूनच हे घडले, असे नव्या विद्यार्थ्याला वाटते आणि तो मनातून दुखावतो. परंतु तशीच चिठ्ठी त्या इमारतीतल्या जर्मन कुटुंबालाही तितक्याच कोरडेपणाने मिळत असते. भेदभावाचे खरे प्रसंगही घडतात आणि ते झाकून ठेवू नयेत, पण या दोहोंतला फरक ओळखायचा तर आधी नियम ठाऊक असायला हवा.

वर्गातले वातावरणही असेच गोंधळात टाकणारे आहे. वेळापत्रकात दहाच्या पुढे ‘सी. टी.’ ही अक्षरे असतील तर तास सव्वादहाला सुरू होतो, ‘एस. टी.’ असेल तर दहाच्या ठोक्याला. व्याख्यान संपले की विद्यार्थी टाळ्या न वाजवता बाकावर बोटांच्या पेरांनी ठकठक करतात. ती दाद असते. याहून अवघड जाते ते उघड मतभेदाला सामोरे जाणे. चर्चासत्रात सहाध्यायी प्राध्यापकांचे म्हणणे सरळ खोडून काढतो, प्राध्यापकही विद्यार्थ्याच्या निबंधातील कच्चे दुवे आडपडदा न ठेवता सांगतात, आणि नंतर दोघेही काहीच घडले नसल्यासारखे बोलतात. गुरुजनांपुढे गप्प राहण्यात आदर मानणाऱ्या आपल्या मुलांना या मोकळेपणाची सवय व्हायला वेळ लागतो. तोवर त्यांच्या मौनाचा अर्थ तयारी नसणे असा लावला जातो, हे मला फार अन्यायाचे वाटते.

किरकोळ भासणाऱ्या गोष्टीही अडवतात. तिथल्या पत्त्यात सहसा घराचा क्रमांक नसून इमारतीचा असतो, म्हणून टपालपेटीवर आपले आडनाव लावले नाही तर बँकेचे पत्रही परत जाऊ शकते. प्लास्टिकच्या बाटलीमागे घेतलेली २५ सेंटची अनामत दुकानातील यंत्रात बाटली टाकून परत घ्यायची असते.

हे सारे शिकवायला वेगळा अभ्यासक्रम नको. जर्मन भाषेच्या वर्गांनी आणि मार्गदर्शन संस्थांनी तिथे शिकत असलेल्या विद्यार्थ्यांशी दोन-तीन मोकळ्या बैठका घडवून आणल्या, आणि नियमांबरोबर त्यांची कारणेही सांगितली, तरी पुष्कळ साधेल. या बैठकांना पालकांनाही बोलवावे, कारण ‘इथे कोणी बोलतच नाही’ असे मुलगी फोनवर सांगते तेव्हा तिला काय उत्तर द्यावे, हे आज त्यांनाही ठाऊक नसते. आपल्या शिक्षणविषयक पुरवणीत प्रवेशाच्या तारखांशेजारी अशा अनुभवांनाही नियमित जागा मिळावी, ही विनंती.

– जर्मनीत शिकणारी एक वाचक