तान्ह्यांचं इंजेक्शन पावसाळ्याआधी हवं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा लागला की 'लहान मुलांमध्ये सर्दी-खोकल्याची साथ' अशी चौकट तुमच्या अंकात दरवर्षी येते आणि वाचणारा पान उलटतो. मी आरोग्य सेविका म्हणून निवृत्त झाले. नोकरी सगळी शहराच्या पूर्व भागात, विडी कामगारांच्या वस्त्यांत गेली. त्या चौकटीत जे मावत नाही ते, आणि या साथीतल्या एका विषाणूपासून तान्ह्यांना वाचवणाऱ्या नव्या इंजेक्शनाबद्दल लिहिते.

आई मांडीवर सूप घेऊन विड्या वळतेय, हजार पुरे व्हायचेत, शेजारी झोळीत बाळ. थोरला बालवाडीतून शेंबडं नाक घेऊन येतो. चार-सहा दिवसांत निरोप येतो, "सिस्टर, बघा की ओ, बाळाचं पोट उडतंय." झबलं वर करून बघावं तर प्रत्येक श्वासाला फासळ्यांखाली खड्डा पडतो, नाकपुड्या फुलतात, दूध ओढता ओढता बाळ मध्येच सोडून देतं. घड्याळ समोर धरून पूर्ण मिनिटभर श्वास मोजायचे. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे 60 किंवा जास्त, त्यापुढे वर्षापर्यंत 50 किंवा जास्त भरले की तडक सिव्हिल. तोवर आजीनं ओवा-लसणाची धुरी देऊन खोली कोंदून टाकलेली असते. (त्या धुरीपायी मी किती भांडले, ते तिथल्या आज्यांनाच विचारा.)

यातल्या पुष्कळ बाळांना आरएसव्ही हा विषाणू झालेला असतो. तो बारीक श्वासनळ्या सुजवतो. त्यावर नेमकं औषध नाही. ऑक्सिजन, सलाईन, नाक साफ करणं, एवढंच हाती असतं. अँटिबायोटिकचा उपयोग नाही, तरी बाटली घरोघरी फोडलेली. "न्यूमोनियाची लस दिलीय की," असं आया सांगतात, पण ती न्यूमोकोकस या जिवाणूवरची. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे आरएसव्हीनं दरवर्षी पाच वर्षांखालची लाखावर मुलं जातात. त्यातली जवळपास निम्मी सहा महिन्यांच्या आतली, आणि बहुतेक सगळी आपल्यासारख्या देशांतली.

यावर आता निर्सेव्हिमॅब नावाचं इंजेक्शन निघालं आहे. ही लस नव्हे. कुत्रं चावल्यावर जखमेत सिरम सोडतात, तशी तयार प्रतिपिंडं, म्हणजे विषाणूला अडवणारी प्रथिनं, थेट बाळाला मिळतात. असं औषध 1998 मध्येही आलं होतं, पॅलिव्हिझुमॅब. पण ते हंगामभर दर महिन्याला टोचावं लागे. नव्याची ठेवण अशी बदलली आहे की ते रक्तात खूप दिवस राहतं. मांडीत एकदाच टोचायचं, निदान पाच महिने निभतात. पाच किलोच्या आतल्या बाळाला 50 मिलिग्रॅम, त्यावर 100. स्पेनमधल्या गॅलिसियात 2023 च्या हंगामात ते सरसकट तान्ह्यांना दिलं, तर आरएसव्हीमुळे दवाखान्यात दाखल होण्याचं प्रमाण साधारण 80 टक्क्यांनी खाली आलं. गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत आईला द्यायची लसही आहे, पण बाळ फार आधी जन्मलं तर आईची प्रतिपिंडं त्याच्यापर्यंत पुरेशी पोचतच नाहीत.

माझं म्हणणं मुख्यतः वेळेचं आहे. युरोपात हे इंजेक्शन सप्टेंबर-ऑक्टोबरात सुरू करतात, कारण त्यांची साथ थंडीतली. आपल्याकडे जोर पावसाळ्यात आणि त्याच्या मागोमाग. तिकडचं वेळापत्रक जसंच्या तसं उचललं, तर सुई येईपर्यंत बालरुग्ण वॉर्डात एका खाटेवर दोन बाळं झालेली असतील. आपल्याला मे-जूनमध्येच सुरुवात हवी.

दुसरी गोष्ट पैशाची. अमेरिकेत 2023 मध्ये एका डोसची छापील किंमत 495 डॉलर होती, म्हणजे 40 हजारांच्या वर. विडी वळणारीनं हे विकत घ्यावं असं कुणी म्हणणार नाही. खरेदी सरकारनंच करायची. न्यूमोकोकलची लसही खासगीत परवडत नव्हती. 2017 पासून टप्प्याटप्प्यानं सरकारी कार्यक्रमात आली आणि 2021 मध्ये देशभर मोफत झाली. सगळ्यांना एकदम जमणार नसेल तर अपुऱ्या दिवसांची आणि कमी वजनाची बाळं आधी धरा. नवजात अतिदक्षता कक्षातून घरी सोडतानाच त्यांना टोचा.

आपल्या आमदार-खासदारांनी पुढच्या अंदाजपत्रकाआधी आरोग्य खात्याकडे हा विषय लावून धरावा. मनुष्यबळ नाही, हे कारण मात्र ऐकून घेऊ नये. जन्मल्यावर 24 तासांत हिपॅटायटिस-बीची लस देणारी सिस्टर त्याच खाटेपाशी उभी असते.

— एक निवृत्त आरोग्य सेविका, सोलापूर