जिमी मॅक्ग्रॉरी यांची उपेक्षा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विक्रमी गोल करणाऱ्या फुटबॉलपटूंची चर्चा निघाली की आपल्याकडच्या क्रीडापानांवर पेले, पुश्काश, मेस्सी आणि रोनाल्डो ही नावे हटकून येतात; स्कॉटलंडच्या जिमी मॅक्ग्रॉरी यांचा उल्लेख मात्र क्वचितच आढळतो. त्यांच्या नावावर अवघे 7 आंतरराष्ट्रीय सामने आहेत, हेच बहुधा याचे कारण असावे. देशाकडून किती सामने खेळले यावरून खेळाडूची थोरवी ठरवण्याचा हा निकष त्यांच्यावर फार मोठा अन्याय करतो, असे मला वाटते.

ग्लासगोच्या गार्नगड या गरीब कामगार वस्तीत 1904 साली जन्मलेले मॅक्ग्रॉरी 1922 मध्ये सेल्टिक क्लबमध्ये आले आणि क्लाइडबँक क्लबकडे घालवलेला एक हंगाम वगळता 1937 पर्यंत तिथेच खेळले. साखळी स्पर्धेच्या 408 सामन्यांत त्यांनी 410 गोल केले, म्हणजे सरासरी सामन्यामागे एकाहून अधिक. जानेवारी 1928 मध्ये डनफर्मलाइनविरुद्ध त्यांनी एकाच सामन्यात 8 गोल केले, तर 1935–36 च्या हंगामात, वयाची तिशी ओलांडल्यानंतर, साखळीत 50. पावसात भिजून जड झालेला चामड्याचा चेंडू जमिनीलगत झेपावून डोक्याने जाळ्यात धाडण्यात त्यांचा हातखंडा होता, आणि तेही उंची बेताचीच असताना.

मग केवळ 7 सामने का? स्कॉटलंडच्या संघात सेंटर फॉरवर्डची, म्हणजे मधल्या मुख्य आक्रमकाची, जागा एकच होती आणि त्याच काळात ह्यूई गॅलाकर हा तितकाच तोलामोलाचा खेळाडू तिच्यावर हक्क सांगत होता. तरीही मिळालेल्या 7 सामन्यांत मॅक्ग्रॉरी यांनी 6 गोल केले. 1933 मध्ये ग्लासगोच्या हॅम्पडन पार्क मैदानावर सव्वा लाखाहून अधिक प्रेक्षकांसमोर स्कॉटलंडने इंग्लंडला 2–1 असे हरवले, तेव्हा दोन्ही गोल त्यांचेच होते.

1928 चा प्रसंग तर आवर्जून सांगण्यासारखा आहे. लंडनच्या आर्सेनल क्लबचे व्यवस्थापक हर्बर्ट चॅपमन त्यांच्यासाठी त्या काळी डोळे दिपवणारी रक्कम मोजायला तयार होते, सेल्टिकलाही पैसा हवा होता, आणि फ्रान्समधील लूर्दच्या तीर्थयात्रेला निघालेल्या मॅक्ग्रॉरी यांना चॅपमन यांनी लंडनमध्ये गाठले. मॅक्ग्रॉरी यांनी ठाम नकार दिला. पुढे त्यांना कळले की सेल्टिक आपल्याला सहकाऱ्यांपेक्षा कमी वेतन देत आहे, तरी त्यांनी क्लब सोडला नाही. भारतीय वाचकांसाठी एक गोष्ट नमूद करतो : कोलकात्याचे मोहम्मद सलीम 1936 मध्ये पायांना पट्ट्या बांधून, बुटांविना सेल्टिकच्या राखीव संघाकडून खेळले, तेव्हा त्या क्लबच्या मुख्य संघाचे आक्रमण मॅक्ग्रॉरी यांच्यावरच उभे होते.

सर्वाधिक गोलांची यादी आपल्या क्रीडापानावर पुन्हा प्रसिद्ध होईल तेव्हा तिच्यात साखळी सामन्यांतील सरासरीचा वेगळा रकाना असावा आणि मॅक्ग्रॉरी यांना त्यात त्यांचे स्थान द्यावे, अशी नम्र विनंती आहे.

आपला,
एक वाचक, कोल्हापूर