आठवण : रविवारी फीबाबत पालकांची बैठक

ऐरोलीतील सर्व पालकांना नमस्कार. फीवाढीवरची बैठक येत्या रविवारी सकाळी १० वाजता सोसायटीच्या हॉलमध्ये आहे. गेल्या दोन वर्षांच्या पावत्या सोबत आणा. गणवेश, वह्या, बस यांचा खर्च वेगळा लिहून आणा. घरखर्चाला खरा चिमटा तिथेच बसतो.

राज्याच्या २०११च्या शुल्क नियमन कायद्यानुसार फीचा प्रस्ताव पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे यावा लागतो. समितीतले पालक इच्छुकांच्या नावांतून चिठ्ठ्या टाकून निवडतात. म्हणून यंदा नाव द्याच! मागच्या वर्षी माझ्या मुलीच्या वर्गातून कुणीच नाव दिलं नव्हतं, मीही नाही. त्याची खंत अजून आहे.

ज्यांना जमणार नाही त्यांनी शनिवार संध्याकाळपर्यंत पावत्यांच्या झेरॉक्स माझ्याकडे पोचवाव्यात.