मॅट्रिक्सचा अर्थ फराळाच्या वहीत सापडला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझी मुलगी यंदा बारावी सायन्सला आहे. गणितात लॉजिक संपलं की दुसराच धडा मॅट्रिक्सचा, म्हणजे ओळी-रकान्यांत मांडलेल्या आकड्यांच्या तक्त्यांचा, आणि परवा रात्री ती इन्व्हर्स (उलट मॅट्रिक्स) काढत बसली होती, पानभर नुसतं आर टू मायनस थ्री आर वन, म्हणजे दुसऱ्या ओळीतून पहिलीची तिप्पट वजा. उत्तर अगदी बरोबर आलं. मी सहज विचारलं, अगं पण हे आहे काय नक्की? तर म्हणे, "आई, ते पेपरात नाही विचारत."

मीही बी.कॉम.ला असताना हे घोकलेलं, त्यामुळे बोलायला तोंड नव्हतं. बेरीज कशी सरळ जागच्या जागी होते, मग गुणाकारच असा तिरपागडा का, आडवी ओळ उभ्या रकान्याला का भिडवायची, हे तेव्हा कोणी सांगितलं नाही आणि आता तिच्या क्लासमध्येही सांगितलेलं नाही.

मी दिवाळीला फराळाच्या ऑर्डरी घेते. वहीत एका पानावर कोणाला काय किती किलो, दुसऱ्या पानावर एका किलोला काय किती लागतं. बेसन लाडूला साखर ३५० ग्रॅम, तूप २५०. शंकरपाळीला साखर २००, तूप १५०. एका ताईंचे ३ किलो लाडू आणि २ किलो शंकरपाळी, म्हणजे साखर १०५० अधिक ४००, १४५० ग्रॅम, आणि तूप ७५० अधिक ३००, १०५० ग्रॅम. ताईंची ओळ घेतली, साखरेच्या रकान्याशी गुणली, बेरीज केली. हाच की तो गुणाकार! इतकी वर्षं मी तो पेन्सिलीने करतेय. आणि पहिल्या पानावर चकली असून दुसऱ्यावर तिचं प्रमाणच नसेल तर हिशोब अडतो, म्हणून तर पहिल्या मॅट्रिक्सचे रकाने आणि दुसरीच्या ओळी संख्येने सारख्या लागतात.

मग नेटवर वाचत बसले. मॅट्रिक्स हे नाव सिल्व्हेस्टर या इंग्रज गणितज्ञाने १८५० मध्ये दिलं, लॅटिनमध्ये त्याचा अर्थ गर्भाशय, आपल्या 'मातृ'च्याच नात्यातला शब्द, कारण त्यातून निश्चयक (डिटर्मिनंट, मॅट्रिक्सच्या आकड्यांतून निघणारी एक संख्या) जन्माला येतात. गुणाकाराचा नियम १८५८ च्या निबंधात मांडला आर्थर केली या इंग्रज गणितज्ञाने, जो तेव्हा लंडनमध्ये वकिली करत होता (वकिलाला सुचलं, आमच्या क्लासवाल्यांना सांगायला होत नाही!). त्यामागचं कारण साधं, मॅट्रिक्स म्हणजे एक बदल समजा; एक बदल केला, त्यावर दुसरा केला, तर दोन्ही मिळून एकच बदल कोणता? मोबाईलमधला फोटो आधी पाव फेरा फिरवून मग आरशासारखा उलटा करा, नंतर आधी उलटा करून मग फिरवा, वेगळा फोटो येतो. ए आणि बी या दोन मॅट्रिक्सचे एबी आणि बीए हे गुणाकार सारखे का नसतात ते तिथे डोळ्यांना दिसतं.

माझं म्हणणं एवढंच, की धडा सुरू करताना एक तास तरी यावर द्या. एक चौकोन काढा, मॅट्रिक्सने त्याचं काय होतं ते दाखवा. पहिला रकाना म्हणजे आडवी बाजू कुठे गेली, दुसरा म्हणजे उभी कुठे गेली, आणि निश्चयक म्हणजे क्षेत्रफळ किती पट झालं, मायनस आला तर चौकोन उलटा पडला. ग्राफ पेपरवर दहा मिनिटांचं काम आहे.

आम्ही काल रात्री तेच केलं. निश्चयक शून्य येणारी मॅट्रिक्स घेतली तर अख्खा चौकोन चेपून नुसती रेघ उरली. पोरगी दोन मिनिटं बघत राहिली, मग म्हणाली, "म्हणजे रेघेवरून चौकोन परत आणता येत नाही, म्हणून हिला इन्व्हर्स नाही?"

आपली,
बारावीतल्या मुलीची आई, सांगली